खनिज खाली आलं, आपण वर चढायचं: कोलोरॅडोच्या सॅन वान डोंगरातली खाणगावं कशी बघायची

कोलोरॅडोला जाणारे आपले बहुतेक लोक डेन्व्हरला उतरतात, रॉकी माउंटन पार्क करतात, एखादा दिवस कोलोरॅडो स्प्रिंग्ज आणि परत. राज्याचा नैऋत्य कोपरा राहूनच जातो कारण डेन्व्हरहून ड्युरँगोला गाडीने सहा-सात तास लागतात. पण डोंगर, इतिहास, थोडा ट्रेक आणि थोडा थरार असं सगळं एकाच ट्रिपमध्ये हवं असेल तर माझ्या मते अख्ख्या राज्यात या सॅन वान पर्वताला तोड नाही. आणि इथे विमानाने यायचं असेल तर ड्युरँगो आणि माँट्रोज दोन्हीकडे छोटे विमानतळ आहेत.

लोक इथे येऊन एक गोष्ट हमखास उलटी करतात. पहिल्याच दिवशी जीप घेऊन सगळ्यात वरच्या घोस्ट टाउनला, म्हणजे ओस पडलेल्या खाणगावाला जातात, डोकं धरून खाली येतात, आणि बघितलं काय तर चार मोडकी लाकडी घरं. सॅन वान खालून वर बघायचा असतो. खाणीतला दगड बारा हजार फुटांवरून निघून टप्प्याटप्प्याने खाली आला, आपण तेच टप्पे उलटे चढायचे, म्हणजे प्रत्येक ठिकाण कशासाठी होतं ते कळतं आणि शरीरालाही उंचीची सवय होत जाते.

आधी टप्पे कुठले ते बघू

सगळ्यात वर खाण. तिथला दगड म्हणजे काही सोन्याचे गोळे नव्हते, सोनं, चांदी, शिसं, तांबं, जस्त असं सगळं दगडात मिसळलेलं, आणि ढीगभर दगडात धातू जेमतेम. एवढा दगड दूर वाहून न्यायला परवडत नाही म्हणून डोंगराच्या पायथ्याशी मिल. खाणीपासून मिलपर्यंत तारेवरून लोंबकळत जाणाऱ्या लोखंडी बादल्या, त्याला ट्रॅम म्हणतात. मिलमध्ये दगड दळायचा, निरुपयोगी भाग फेकायचा आणि धातू असलेली पूड तेवढी ठेवायची. ती पूड रेल्वेने आणखी खाली ड्युरँगोच्या भट्टीत जायची आणि तिथे वितळून धातू निघायचा. खाण, ट्रॅम, मिल, रेल्वे, भट्टी. ही साखळी डोक्यात असली की रस्त्याकडेला दिसणारा गंजका खांबसुद्धा बोलायला लागतो.

आणि हेही माहीत असू द्या की ही जमीन रिकामी नव्हती. इथे यूट लोक राहायचे. सोन्याच्या मागे माणसं घुसायला लागली तसा १८७३ मध्ये ब्रुनो करार झाला आणि सॅन वानचा खाणींचा भाग यूटांच्या हातून गेला. यूरे गावाला ज्याचं नाव आहे तो यूरे हा त्यांचाच सरदार.

कधी जायचं

जुलै ते सप्टेंबर. वरच्या खिंडींमधला बर्फ काढून रस्ते साधारण मेअखेर ते जूनमध्ये उघडतात, पण नक्की तारीख त्या वर्षीच्या बर्फावर, म्हणून निघायच्या आठवड्यात काउंटीच्या वेबसाइटवर रस्त्यांची स्थिती बघायचीच. जुलैच्या शेवटी रानफुलं जोरात असतात, सप्टेंबरच्या शेवटी ॲस्पनची झाडं पिवळी होतात. जुलै-ऑगस्टचा प्रॉब्लेम एकच, तिथलाही मान्सून. सकाळी निळंशार आकाश आणि दुपारी एक-दोनला विजा. साधारण साडेअकरा हजार फुटांच्या वर झाडं संपतात आणि मग आजूबाजूला सगळ्यात उंच वस्तू म्हणजे तुम्ही. म्हणून नियम सोपा, जे काही उंचावर करायचंय ते पहाटे सुरू आणि दुपारच्या आत झाडांच्या खाली परत. "अजून अर्धा तासच राहिलाय वरती पोचायला" हे वाक्य मनात आलं आणि ढग काळे असतील तर वळा.

हिवाळ्यात ही वेगळीच जागा असते, वरचे रस्ते बंद आणि हायवेवर हिमस्खलनाचा धोका. पहिल्या ट्रिपला नको.

उंचीचं काय

ड्युरँगो साधारण ६,५०० फूट, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्यापेक्षा हजारभर फूट वर, आणि हा इथला तळ आहे. सिल्वरटन ९,३१८ फूट. वरच्या खिंडी १२,६०० च्या पुढे. म्हणून ड्युरँगोत निदान एक रात्र, मग सिल्वरटनला एक-दोन रात्री, आणि मगच वर. पाणी भरपूर, पहिले दोन दिवस दारू नको, डोकेदुखी आणि मळमळ सुरू झाली तर आणखी वर जायचं नाही, वाढली तर खाली उतरायचं, त्याला दुसरा उपाय नाही. भारतातून आई-बाबा आलेत आणि त्यांना बीपी किंवा हार्टचं काही असेल तर डॉक्टरला आधी विचारा, आणि रात्रीचा मुक्काम सिल्वरटनऐवजी ड्युरँगो किंवा यूरेला ठेवा. यूरे ७,८०० फुटांवर आहे, तेवढ्या दीड हजार फुटांनी झोपेत खूप फरक पडतो.

कॅम्पिंग करणाऱ्यांसाठी जाता जाता एक, सिल्वरटनच्या उंचीवर पाणी साधारण ९० अंशालाच उकळतं. डाळ-भात करायचा बेत असेल तर छोटा कुकर न्या, उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही.

गाडी कुठली

यावर लोक फार गोंधळतात. ड्युरँगो, सिल्वरटन, यूरे, लेक सिटी ही चारही गावं डांबरी रस्त्याने जोडलेली आहेत, साध्या सेडानने आरामात होतात. सिल्वरटनहून युरेका या जुन्या खाणगावापर्यंतचा कच्चा रस्ताही कोरड्या हवेत साध्या गाडीने सावकाश होतो. त्याच्या पुढे जमिनीपासून उंच असलेली गाडी लागते, आणि खिंडी ओलांडायच्या तर खरी फोर व्हील ड्राइव्ह, लो रेंजवाली. शहरात फिरवतो ती ऑल व्हील ड्राइव्ह क्रॉसओव्हर म्हणजे ती नव्हे. एअरपोर्टवर घेतलेल्या भाड्याच्या गाडीचं कॉन्ट्रॅक्ट वाचा, बहुतेकांमध्ये कच्च्या डोंगरी रस्त्यावर न्यायला मनाई असते, म्हणजे टायर फाटला किंवा गाडी अडकली तर इन्शुरन्स नाही आणि टो ट्रकचं बिल तुमचं. त्यापेक्षा सिल्वरटन, यूरे किंवा लेक सिटीत एका दिवसापुरती जीप भाड्याने घ्या. स्वतः चालवायची हिंमत नसेल तर ड्रायव्हरसकट उघड्या जीपच्या टूर असतात, आणि खरं सांगायचं तर पहिल्यांदा तेच बरं, कारण चालवणारा रस्ता सोडून काही बघूच शकत नाही.

पहिला टप्पा: ड्युरँगो, म्हणजे भट्टीचं गाव

ड्युरँगो १८८० मध्ये रेल्वे कंपनीने वसवलं, कारण भट्टीला कोळसा हवा, पाणी हवं आणि जरा सपाट जागा हवी, ते सगळं वर सिल्वरटनला नव्हतं. गावाला लागून जो डोंगर आहे त्याचं नावच स्मेल्टर माउंटन. त्याच्या पायथ्याशी भट्टी होती. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिथेच व्हॅनेडियम आणि युरेनियमवर प्रक्रिया झाली, नंतर सगळी दूषित माती उचलून दुसरीकडे पुरावी लागली, आणि आज त्या जागी कुत्र्यांना मोकळं सोडायचं पार्क आहे. बघण्यासारखं फार उरलेलं नाही पण संध्याकाळी नदीकाठी चालताना त्या बाजूला नजर टाका, साखळीचं खालचं टोक ते.

त्याच संध्याकाळी स्टेशनवरच्या इंजिन शेडमधलं रेल्वे म्युझियम करून टाका, मुलांना तर तिथून हलवावं लागतं.

दुसरा टप्पा: रेल्वेने सिल्वरटन

ड्युरँगो ते सिल्वरटन नॅरो गेज, ४५ मैल, जुलै १८८२ मध्ये सिल्वरटनला पोचली. रुळांमधलं अंतर तीन फूट, कारण अरुंद रूळ म्हणजे आवळ वळणं घेता येतात आणि डोंगर कमी फोडावा लागतो. ती यायच्या आधी सगळं खेचरांच्या पाठीवर होतं, त्यामुळे फक्त भरपूर धातू असलेला दगडच बाहेर नेणं परवडायचं. गाडी आली आणि साधा दगडही धंद्याचा झाला.

एका बाजूला साधारण साडेतीन तास लागतात आणि सिल्वरटनला दोनेक तास थांबते. इथेच माझं मत बहुतेकांपेक्षा वेगळं आहे: एका दिवसात जाऊन-येऊन करू नका. सात तास त्याच दरीतून बसून परत येताना सगळे झोपलेले असतात, आणि सिल्वरटन दोन तासात होत नाही, जेवणातच तास जातो. एका बाजूने रेल्वे आणि दुसऱ्या बाजूने बस असं तिकीट मिळतं ते घ्या, किंवा ग्रुपमधल्या एकाने गाडी घेऊन वर यायचं आणि बाकीच्यांनी ट्रेनने. हायवेने पन्नासेक मैल आहे, कोल बँक आणि मोलस अशा दोन खिंडी लागतात, दोन्ही दहा हजार फुटांच्या वर, आणि मोलसवरून दिसणारा नजारा ट्रेनवाल्यांना मिळत नाही, त्यामुळे गाडीवाल्याला वाईट वाटायचं कारण नाही. हिवाळ्यात ट्रेन सिल्वरटनपर्यंत जात नाही, अर्ध्यातून परत फिरते, तिकीट काढताना बघा.

सिल्वरटन गाव म्हणजे दोनच रस्ते लक्षात ठेवायचे. ग्रीन स्ट्रीटवर बँका, हॉटेलं, कोर्ट, आणि त्याला समांतर ब्लेअर स्ट्रीटवर दारूचे अड्डे आणि बाकीचं. १९०२ चं जुनं काउंटी जेल आणि त्याला जोडून असलेलं खाण म्युझियम नक्की करा, आतली यंत्रं आणि खाणकामाची मांडणी बघून पुढच्या दोन दिवसांचा पाया तयार होतो. संध्याकाळी पाय मोकळे करायला गावाच्या वरच्या उतारावरचा येशूचा पुतळा, ख्राइस्ट ऑफ द माइन्स, १९५९ चा, इटालियन संगमरवराचा. खाणी बंद पडत चालल्या होत्या तेव्हा गावाने तो बसवला. तिथून अख्खं गाव पटासारखं दिसतं.

तिसरा टप्पा: मिल आणि खाण, एकाच दिवसात

गावातून ईशान्येला काउंटी रोड २ पकडा. दोनेक मैलांवर डाव्या उतारावर मेफ्लॉवर मिल दिसते. १९२९ मध्ये बांधली, १९९१ पर्यंत चालू होती, आणि २००० मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तू म्हणून जाहीर झाली. गंमत म्हणजे कामगार जणू काल संध्याकाळी निघून गेलेत इतकी आत सगळी यंत्रं जागच्या जागी आहेत. टूर सीझनपुरतीच असते, वेळ आधी तपासा. आत गेल्यावर वरून खाली चालत या, दगड ज्या क्रमाने गेला त्याच क्रमाने: वर ट्रॅमच्या बादल्या रिकाम्या व्हायच्या, मग दगड फोडणारी यंत्रं, मग लोखंडी गोळ्यांनी भरलेले फिरणारे पिंप ज्यात दगडाचं पीठ व्हायचं, मग फ्लोटेशनच्या टाक्या. पाण्यात रसायनं घालून हवा सोडायची, धातूचे कण बुडबुड्यांना चिकटून फेसाबरोबर वर येतात, दगडाची पूड खाली राहते, फेस काढून घ्यायचा. सगळी मिल उतारावर का बांधायचे तेही इथे कळतं, माल पुढच्या यंत्रात आपोआप खाली येतो, चढवायचा खर्च नाही. आणि ते उरलेलं पीठ? मिलच्या आसपास सपाट, पायऱ्यांसारखे मोठे ढिगारे दिसतात ना, तेच.

तिथून पुढे हॉवर्ड्सव्हिलला वळून ओल्ड हंड्रेड खाण. इथे छोट्या विजेच्या गाडीत बसून गलीना डोंगराच्या पोटात मैलाच्या तिसऱ्या हिश्शाइतकं आत जातो आणि गाइड जुनी ड्रिल प्रत्यक्ष चालवून दाखवतो. आवाज प्रचंड, लहान मुलांचे कान झाकायची तयारी ठेवा. आत बारा महिने ९ अंश सेल्सियस, म्हणून जुलैतसुद्धा जॅकेट. गाइड बहुतेक वेळा खाणीत काम केलेले किंवा खाणवाल्यांच्या घरातले असतात, त्यांना प्रश्न विचारा. बाहेर आल्यावर मान वर करून कड्यावर बघा, कामगारांचं राहायचं घर अजून चिकटून आहे तिथे. रोज खाली-वर करणं शक्यच नव्हतं, म्हणून माणसं तिकडेच राहायची.

चौथा टप्पा: वर, ॲनिमस फोर्क्सपर्यंत

आता शरीर तयार आहे, सकाळी सहा-सातला निघा. टाकी सिल्वरटनमध्येच फुल करा, पुढे पेट्रोल नाही आणि मोबाइलला रेंजही नाही, नकाशे ऑफलाइन उतरवून ठेवा. कुठे जातोय, कधी परत येणार हे हॉटेलवर किंवा घरी कुणालातरी सांगून ठेवा.

युरेकाला डोंगराच्या उतारावर काँक्रीटच्या भिंतींच्या पायऱ्या दिसतात, सनीसाइड मिलचा सांगाडा. या सनीसाइड खाणीची गोष्ट इथे उभं राहूनच वाचण्यासारखी. खाणीच्या वर डोंगरात लेक एमा नावाचा तलाव होता. ४ जून १९७८ ला तलावाचा तळ फुटला आणि अख्खा तलाव खाणीतून धडधडत खाली आला, चिखल, यंत्रं, लाकडं सगळं घेऊन. वार रविवार होता, खाणीत एकही माणूस नव्हता.

ॲनिमस फोर्क्स हे ओस पडलेलं खाणगाव ११,२०० फुटांवर. १८७३ पासून वस्ती, १८८३ मध्ये साडेचारशे माणसं, आणि पुढच्याच वर्षी सलग २३ दिवस बर्फाचं वादळ, पंचवीस फूट बर्फ, एका घरातून दुसऱ्या घरात जायला बर्फात बोगदे खणले. एरवी बहुतेक लोक दर हिवाळ्याला सिल्वरटनला उतरायचे. १९०४ मध्ये रेल्वेही इथपर्यंत आली, त्याच वर्षी भली मोठी गोल्ड प्रिन्स मिल उभी राहिली, १९१० मध्ये बंद, आणि १९१७ मध्ये तिचे भाग सोडवून युरेकाला नेले. आता तिचा पायाच दिसतो. पुढे काढलेल्या खिडकीचं जे घर फोटोत सगळीकडे दिसतं ते १८७९ चं डंकन हाउस, आत जाता येतं. आत गेलात तर जमिनीकडे लक्ष ठेवा, आणि भिंतीवर नाव कोरायची हुक्की आलेल्या प्रत्येकाला बाहेर काढा.

इथून जीपवाले अल्पाइन लूपवर पुढे जातात. हा ६५ मैलांचा वळसा सिनॅमन पास आणि एंजिनियर पास अशा दोन खिंडींवरून लेक सिटीला जाऊन परत येतो, एंजिनियर पास १२,८०० फूट. ६५ मैल ऐकून दोन तास वाटतात, पण पूर्ण दिवस धरा. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, उतरताना ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही, लो गिअर टाकायचा, आणि रस्ता सोडून हिरवळीवर गाडी घालायची नाही, तिथली झाडी पुन्हा उगवायला दशकं लागतात. सिनॅमन पासच्या पलीकडे अमेरिकन बेसिन आहे, जुलैअखेर फुलांसाठी तेवढ्या एका जागेकरता लूप करावा असं. इमोजीन आणि ब्लॅक बेअर या टेल्युराइडकडे उतरणाऱ्या खिंडींची नावं ऐकाल, पहिल्या ट्रिपला त्यांच्या नादी लागू नका.

पायी जायचं असेल तर सिल्वरटनच्या पश्चिमेचा आइस लेक ट्रेक आहे, जाऊन-येऊन सातेक मैल, चढ २,४०० फूट, वरचा तलाव साधारण १२,२५० फुटांवर आणि निळा इतका की फोटो एडिट केलाय म्हणून लोक भांडतात. गर्दी भयंकर. वीकएंड टाळा आणि उजाडताना चालायला लागा.

खाणींच्या आसपास वागायचं कसं

उघडं बोगद्याचं तोंड दिसलं की आत शिरायचं नाही. दोन पावलंसुद्धा नाही. छत पडेल ही भीती सगळ्यांना असते, पण खरा धोका न दिसणारा आहे, आत साचलेल्या हवेत ऑक्सिजनच कमी असतो, वास येत नाही, चक्कर येते आणि माणूस पडतो, त्याला काढायला गेलेला दुसराही पडतो. शिवाय जमिनीत खाली जाणाऱ्या उभ्या विहिरी, ज्यांच्यावर कुजलेल्या फळ्या आणि वर माती, बघून कळतही नाही. जुनी स्फोटकं कुठेतरी राहिलेली असतात. थंड वारा बाहेर येतोय म्हणून "हवा आहे की" असं कुणी म्हणालं तरी ऐकू नका.

दुसरं पाणी. नारिंगी ओहोळ दिसले तर हातही घालू नका, आणि साधा ट्रेकिंगचा फिल्टर जंतू काढतो, विरघळलेले धातू नाही. खडकातल्या लोखंड-गंधकाला हवा आणि पाणी लागलं की आम्ल तयार होतं आणि ते धातू विरघळवतं. काही प्रमाणात हे डोंगरात आपोआप होतच होतं, खाणींनी त्याला हजारो नव्या वाटा दिल्या. ५ ऑगस्ट २०१५ ला गोल्ड किंग खाणीच्या तोंडाशी पर्यावरण खात्याचं, म्हणजे ईपीएचं, काम चालू असताना अडलेलं पाणी सुटलं, तीस लाख गॅलन, आणि ॲनिमस नदी ड्युरँगोपर्यंत आणि त्याच्याही पुढे पिवळी-नारिंगी झाली. पुढच्या वर्षी हा भाग केंद्राच्या सुपरफंड सफाई यादीत गेला. म्हणून पिण्याचं पाणी गावातूनच भरून न्या.

तिसरं, गंजलेला खिळा, जुना डबा, बाटलीचा तुकडा खिशात टाकायचा नाही. सरकारी जमिनीवरच्या शंभर वर्षांहून जुन्या वस्तू उचलणं १९७९ च्या केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. आणि डोंगरात मध्येमध्ये खाजगी पट्टे आहेत, १८७२ च्या खाण कायद्याखाली मिळालेले, कुंपण नसतं कधीकधी, पण पाटी दिसली की थांबा.

पाचवा टप्पा: मिलियन डॉलर हायवेने यूरे

सिल्वरटन ते यूरे २५ मैल, मध्ये रेड माउंटन पास, ११,००० च्या थोडं वर. यातला यूरेकडच्या घळीतला भाग अरुंद आहे, कडेला बऱ्याच ठिकाणी कठडा नाही, कारण हिवाळ्यात नांगराने बर्फ ढकलायला कड मोकळी लागते. टिप एवढीच की सिल्वरटनहून यूरेकडे जाताना तुम्ही कड्याच्या आतल्या बाजूला असता, उलट दिशेला दरीच्या बाजूला. म्हणजे आपला खालून वर यायचा क्रम इथेही फायद्याचा ठरतो, घाबरणाऱ्यांनी हीच दिशा धरावी. मूळ रस्ता ऑटो मेअर्सने १८८० च्या दशकात टोल रोड म्हणून काढला, याच माणसाने पुढे ॲनिमस फोर्क्सची रेल्वे आणली.

खिंड ओलांडली की लाल डोंगर. लोखंडाच्या गंजाचा रंग तो. तिथेच यँकी गर्ल खाणीचा लाकडी मनोरा रस्त्यावरून दिसतो, थांबायला जागा आहे. या खाणीतलं पाणी इतकं आम्लाचं होतं की पंप आणि पाइप खाऊन टाकायचं. १८९३ मध्ये सरकारने चांदीची सक्तीची खरेदी थांबवली, चांदीचा भाव कोसळला आणि ही पट्टी जवळपास ओस पडली. ज्यांच्याकडे सोनं होतं ते टिकले. यूरेच्या वर कॅम्प बर्डमध्ये टॉमस वॉल्शला १८९६ मध्ये सोनं सापडलं, आणि त्याच पैशात वाढलेली त्याची मुलगी पुढे होप डायमंड या प्रसिद्ध हिऱ्याची मालकीण झाली.

यूरेत पोचलात की आधी बॉक्स कॅन्यन धबधबा, २८५ फूट, अरुंद खडकातून कोसळतो, लोखंडी पुलावर उभं राहिलं की छातीत आवाज घुमतो. वेळ असेल तर गावाभोवतीची पेरिमीटर ट्रेल, सहाएक मैल, आणि ही तुकड्यातुकड्यानेही करता येते. मग गावच्या गरम पाण्याच्या कुंडात जा, गंधकाचा वास नाही त्या पाण्याला.

परतीचं विमान माँट्रोजहून ठेवा, यूरेहून तासाभराच्या आत आहे. तिथे यूट इंडियन म्युझियम आहे, सरदार यूरेची पत्नी चिपेटा तिची समाधी तिथेच. यूट लोकांना १८८१ मध्ये या खोऱ्यातून युटाकडे हाकललं गेलं, ती बाजू सिल्वरटनच्या म्युझियममध्ये कमी आणि इथे नीट सांगितलेली आहे, त्यामुळे फ्लाइट दुपारनंतरची घ्या आणि दीड-दोन तास इथे ठेवा.